जावयाचा एल्क आणि सासऱ्याची पाठ

प्रश्न: मी संगमेश्वर तालुक्यातला, वय ५८, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त. मुलगी-जावई अमेरिकेत, डेन्व्हरजवळ राहतात. ऑक्टोबरात आम्ही दोघं तिकडे चाललोय. जावयाला यंदा सोडतीत एल्कच्या, म्हणजे तिकडच्या मोठ्या हरणाच्या, शिकारीचा परवाना लागलाय. बंदूक तो आणि त्याचा मित्र चालवणार. मी फक्त मांस गाडीपर्यंत आणायला हात लावणार, कारण नुसतं बसून राहणं मला जमत नाही. जावई रोज पाठीवरच्या बॅगांच्या लिंक पाठवतोय. कुणाचा आकडा ४०००, कुणाचा ५५००, कुणाचा ७०००, आणि किंमत बघून डोळे फिरतात. माझ्याकडे ६० लिटरची जुनी ट्रेकिंगची सॅक आहे, ती चालेल का? नवी घ्यायची तर काय बघून घ्यायची? इथले मित्र म्हणतात, घेच, परत आलास की डुकराला उपयोगी पडेल. उंची ५ फूट ५ इंच, वजन ६४ किलो, गुडघे अजून शाबूत.
ता. क. सौ. विचारते, मुलीसाठी सोडे नेता येतील का?

उत्तर: आधी त्या आकड्यांचा घोळ मिटवू. ते लिटर नाहीत, घनइंच आहेत. अमेरिकेत शिकारीच्या बॅगेचं आकारमान अजून घनइंचात सांगायची पद्धत आहे. हजार घनइंच म्हणजे सुमारे १६.४ लिटर. त्या हिशेबाने ४००० म्हणजे ६५ लिटर, ५५०० म्हणजे ९०, आणि ७००० म्हणजे जवळपास ११५. जावईबापू दाखवतायत त्यातली सगळ्यात लहान बॅगसुद्धा तुमच्या सॅकहून मोठी आहे. एवढं कळलं की तो आकडा विसरून जा. तुमच्या कामात त्याचा नंबर शेवटचा.

चिपळुणात माझं बॅगा आणि सॅक दुरुस्तीचं दुकान आहे, सव्वीस वर्षं झाली. सॅक फाटते कुठे, असं मला कुणी विचारलं तर सांगतो, पोटाला क्वचित. फाटते ती खांद्याचा पट्टा पाठीला जिथे शिवलेला असतो तिथे. चेन जाते, बक्कल तुटतं, तळ झिजतो, ते निराळं. पण उसवलेली सॅक घेऊन कुणी आलं की मी पहिल्यांदा कमरपट्टा बघतो. तो बहुतेक वेळा कोरा करकरीत असतो, कारण बांधलेलाच नसतो. सगळं वजन दोन खांद्यांच्या दोन टाक्यांवर. टाके तरी किती दिवस धरणार?

तुमची ६० लिटरची सॅक वाईट नाही. ती बारा-पंधरा किलोसाठी केलेली आहे, आणि तेही कपडे, चादर, शिधा अशा हलक्या, फुगलेल्या सामानासाठी. मांसाचा स्वभाव वेगळा. हाडं काढलेलं मांस घट्ट आणि जड असतं, पण त्याला स्वतःचा आकार नसतो. सॅकमध्ये टाकलं की ते तळाला जाऊन बसतं, पाण्याने भरलेल्या पिशवीसारखं. सॅकचं वरचं अर्धं रिकामं राहतं आणि खालचं गाठोडं ढुंगणावर आपटत राहतं. चालणारा माणूस मागे ओढला जातो, म्हणून पुढे वाकतो, आणि वाकला की मान दुखायला लागते.

हे मी ऐकीव सांगत नाही. सात वर्षांपूर्वी भाच्याकडे कोलोरॅडोत, म्हणजे तुमच्या मुलीचं डेन्व्हर ज्या राज्यात आहे तिथेच, एल्कच्या हंगामात गेलो होतो, तेव्हा तुमच्यासारखाच हौसेने हेलकरी झालो. सॅक माझीच नेली होती, सह्याद्रीत पंधरा वर्षं वापरलेली, माझ्याच हाताने दोनदा शिवलेली. तिच्यात बावीस किलो मांस भरलं. पडलेल्या झाडांवरून तंगड्या टाकत उतरत होतो. अर्ध्या तासात डाव्या कानामागे टर्र असा आवाज आला. मला वळून बघायची गरजच नव्हती, हा आवाज मी झोपेतही ओळखेन. ओंडक्यावर बसलो, खिशातून दाभण काढलं. दाभण आणि मेणाचा दोरा खिशात असतोच, ती सवय. बोटं गारठलेली, त्यात मांसाचा लाल ओलावा पाठीच्या कापडातून पाझरून पट्ट्यापर्यंत आलेला, त्यामुळे दोरा हातातून निसटत होता. चार टाके घालायला वीस मिनिटं लागली. भाच्याचा मित्र हे सगळं शांतपणे बघत होता. टाके घालून झाल्यावर त्याने स्वतःची फ्रेम, म्हणजे बॅगेचा पट्टे लावलेला कडक सांगाडा, माझ्यापुढे ठेवली, मांसाचं गाठोडं तिच्यावर उंच, थेट पाठीला चिकटवून आवळलं आणि कमरपट्टा माझ्या कमरेवरून दोन इंच खाली ओढून बांधला. वजन तेच, बावीस किलो. पण मागून कुणीतरी हात लावलाय असं वाटलं.

म्हणजे शिकारीच्या बॅगेत विकत घ्यायची ती फ्रेम. पिशवी तिच्यावर घातलेल्या सदऱ्यासारखी. या बॅगांमध्ये पिशवी फ्रेमपासून सुटी करता येते. फ्रेम आणि पिशवी यांच्या मधल्या फटीत मांसाची गाठोडी ठेवायची, खाली घसरू नये म्हणून तिथे एक कापडी झोळ असतो, आणि वरून पिशवीच दाबून आडव्या पट्ट्यांनी सगळं घट्ट आवळायचं. जड वस्तू पाठीला खेटून, हलकी बाहेरच्या बाजूला. पाणी, जॅकेट, डबा, बॅटरी पिशवीत कोरडं राहतं. याचा दुसरा फायदा असा की जाताना पिशवी लहान चालते. ४५-५० लिटरची पिशवी असलेली चांगली फ्रेम घ्या, ती ११५ लिटरच्या लुळ्या पिशवीला भारी पडेल. मोठी पिशवी घेतली की माणूस ती भरतोच, हाही एक धोका.

आपल्याकडे हे शास्त्र डोक्यावरून चालत आलंय. चुंबळ करून हारा डोक्यावर घेतलेली बाई पाखाडी चढताना बघा, ओझं मणक्याच्या रेषेत, मान ताठ, हात मोकळे. फ्रेमची सॅक तेच मागच्या बाजूने साधायचा प्रयत्न करते. पूर्ण साधत नाही, कारण ओझं पाठीमागेच राहतं, पण जेवढं जवळ तेवढं बरं. कॅलिफोर्नियात डिक केल्टी यांनी १९५२ पासून ॲल्युमिनियमच्या नळ्यांच्या फ्रेमला कमरपट्टा जोडून सॅक विकायला सुरुवात केली. आज जावयाच्या लिंकांमध्ये कार्बन फायबर असेल, महागडं नायलॉन असेल, पण मूळ कल्पना तीच आहे, वजन खांद्यावरून काढून कमरेच्या हाडांवर बसवायचं.

आता मापाचं. चपलेचा नंबर बघितल्याशिवाय चप्पल घेत नाही, पण सॅक मात्र उंची सांगून घेतात. उंची नाही, पाठ मोजा. शर्ट काढा, मान खाली घाला. मानेच्या मुळाशी एक हाड टेंगळासारखं वर येतं, तिथे सौ.ना बोट ठेवायला सांगा. मग दोन्ही हात कमरेवर असे ठेवा की अंगठे मागे येतील आणि पंजे कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर टेकतील. दोन अंगठ्यांना जोडणारी रेषा मणक्याला जिथे कापते तिथपासून त्या टेंगळापर्यंत शिंप्याच्या टेपने मोजा. माझी उंची तुमच्याएवढीच आहे आणि माप साडेसतरा इंच भरतं. तुमचं सोळा भरेल किंवा एकोणीसही भरेल, उंचीवरून सांगता येत नाही. हा आकडा जावयाला कळवा. ज्या बॅगेची पाठ या मापाला बसवता येत नाही ती कितीही नावाजलेली असो, सोडून द्या.

फ्रेमच्या उंचीचं गणित वेगळं. खांद्यापासून वर फ्रेमकडे जाणारे दोन छोटे पट्टे असतात, ओझ्याचं डोकं पाठीकडे ओढून धरणारे. ते काम करायचे तर फ्रेम खांद्यांच्या चार बोटं वर यायला हवी. शिकारीच्या फ्रेम बहुधा २४ आणि २६ इंची मिळतात. तुम्हाला २४ पुरेल. २६ इंची घेतलीत तर झाडाच्या प्रत्येक फांदीला सलाम ठोकत चालाल.

बांधायचा क्रम चुकवू नका. सगळे पट्टे ढिले करा. आधी कमरपट्टा, तोही विजार बांधता तिथे नव्हे, तर कमरेच्या हाडाची वरची कड पट्ट्याच्या मधोमध येईल असा, आणि इतका घट्ट की दीर्घ श्वास घेताना जाणवेल. मग खांद्याचे पट्टे, फक्त सॅक पाठीला लागेपर्यंत. मग ते वरचे ओढपट्टे. छातीचा पट्टा शेवटी. सगळं झाल्यावर खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं घाला. सहज सरकली तर वजन कमरेवर आहे. बोटं अडकली तर पुन्हा पहिल्यापासून. ही परीक्षा रिकाम्या सॅकवर करून उपयोग नाही. दुकानात वाळूच्या पिशव्या असतात, नसतील तर जावयाच्या घरात तांदळाचं पोतं असेलच.

ओझं किती घ्यायचं ते आत्ताच ठरवा. तिथे गेल्यावर ठरवाल तर हौस ठरवेल. एल्क हा आपल्या सांबराच्या कुळातला प्राणी. रॉकी पर्वतातला पूर्ण वाढीचा नर तीनशे किलोच्या वर भरतो. त्यातून हाडं काढलेलं मांस निघतं ते साधारण ९० ते ११० किलो, मादीचं त्याहून कमी. नुसती मागची एक मांडी हाडासकट पंचवीस-तीस किलोची असते. कोलोरॅडोत खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं गुन्हा आहे, त्यामुळे ‘जमेल तेवढं नेऊ’ हा पर्याय तिथे नाही. सगळं आणावंच लागतं. तिघांत मिळून पाच तरी ओझी होतील, म्हणजे कुणाकुणाला दोन फेऱ्या. तुमचं वजन ६४ किलो. डोंगरउतारावर तुम्ही १६ किलोच्या वर जाऊ नये असं माझं मत, आणि १८ला माझा साफ नकार. जावई पस्तिशीतला असेल, तो तीस उचलेल, उचलू दे. सासऱ्याने जावयाशी बरोबरी करायची जागा ही नव्हे.

त्यात उंची. महाराष्ट्राचं शिखर कळसूबाई १६४६ मीटर. डेन्व्हर शहरच १६०९ मीटरवर आहे, म्हणजे मुलीच्या दिवाणखान्यात तुम्ही जवळजवळ कळसूबाईवर बसून चहा पिणार. एल्क असतो ती रानं बहुतेक २५०० ते ३३०० मीटरवर. संगमेश्वरच्या खाडीकाठच्या फुप्फुसांना तिथे पहिले तीन-चार दिवस नुसतं चालतानाही धाप लागते. मला तर मोजे घालताना लागली होती. शिकारीआधी निदान पाच दिवस पोचलेले असा, पाणी भरपूर प्या, आणि डोकं ठणकायला लागलं, मळमळलं तर ओझं सोडून खाली उतरा. जावयाला हेही सुचवा की मांस फार आत पडलं तर तिथे घोडे घेऊन ओझं काढून देणारे व्यावसायिक मिळतात, त्यांचा नंबर आधीच खिशात ठेवावा. चाकांची गाडी मात्र सगळीकडे चालत नाही. ‘विल्डरनेस’ म्हणून जाहीर केलेल्या रानांत १९६४च्या कायद्याने कुठलंही चाकाचं वाहन बंद आहे, हातगाडीसुद्धा.

एक गोष्ट लिंकांमध्ये दिसणार नाही म्हणून ठळक सांगतो. कोलोरॅडोत रायफलच्या हंगामात शिकाऱ्याला कमरेच्या वर ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी रंग घालावा लागतो, टोपीसकट. तुम्ही बंदूक धरणार नसलात तरी तुम्ही घालाच. पण पाठीवर बॅग चढली की बंडीची अख्खी पाठ झाकली जाते, हे कुणाच्या लक्षात येत नाही. बॅगेवर नारिंगी कव्हर चढवा. आणि शिंगं तुमच्या पाठीवर येणार असतील तर त्यांना नारिंगी फडकं गुंडाळल्याशिवाय एक पाऊल टाकू नका. झुडपांतून हलत चाललेली शिंगं लांबून कशी दिसतात ते वेगळं सांगायला नको.

मांस कशात घालायचं, हा बॅगेइतकाच महत्त्वाचा प्रश्न. आपण बाजारातून काळ्या पिशवीत मटण आणतो, वीस मिनिटांत घरी पोचतो म्हणून ते खपतं. नुकत्या मारलेल्या जनावराचं मांस आतून गरम असतं, आणि मांडीच्या हाडाजवळ ती ऊब सगळ्यात जास्त वेळ टिकते. प्लास्टिकमध्ये कोंडलं की हाडाजवळून आंबायला लागतं. आधी सावलीत टांगून वारा लागू द्यायचा, मग हवा खेळणाऱ्या कापडी पिशवीत घालून फ्रेमवर. तिकडे यासाठी खास पिशव्या विकत मिळतात. तुम्ही इथूनच मांजरपाटाच्या शिवून न्या. दोन फूट रुंद, तीन फूट लांब, तोंडाला नाडी, शिवण दुहेरी. आधी दोनदा धुऊन खळ काढून टाका. सहा पिशव्या पुरतात आणि वजन काहीच नाही. सासरेबुवांनी रिकाम्या हाताने जाऊ नये, त्यापेक्षा हा आहेर चांगला. गाठोडं सॅकला बांधताना लांबट, चपटं करा. गोल गाठोडं पाठीपासून दूर जातं.

परवान्याचं लेबल, मांसाबरोबर नर-मादीची खूण तशीच राखण्याचा नियम, हरणांच्या मेंदूच्या रोगासाठी डोकं तपासणीला द्यायचं, ही सगळी परवानाधारकाची कामं. जावयाला ती ठाऊक असतील. तुम्ही एवढंच पाहा की डोकं आणि मांस एका पिशवीत कोंबलं जाणार नाही.

आता खरा प्रश्न, घ्यायची का? स्टोन ग्लेशियर, मिस्ट्री रँच, एक्सो, किफारू ही तिकडची नावाजलेली नावं. पिशवीसकट पाच-सातशे डॉलर सहज होतात. साध्या ॲल्युमिनियम फ्रेमच्या बॅगा दीड-दोनशे डॉलरपासून मिळतात आणि १६ किलोसाठी त्या पुरेशा आहेत. पण माझं ऐकाल तर घेऊच नका. जावयाच्या शिकारी मित्रांपैकी कुणाच्या तरी गॅरेजमध्ये एक जुनी फ्रेम पडलेली असणारच. तुमच्या पाठीच्या मापाला बसणारी मिळाली की ती मागून घ्या. वापरलेल्या फ्रेममध्ये चार गोष्टी तपासा: कमरपट्ट्याचा फोम दाबल्यावर परत वर येतो का, बक्कल जोराने ओढल्यावर सुटतं का, फ्रेम भिंतीला टेकवून तिरकी झालेली दिसते का, आणि खांद्याच्या पट्ट्याचे टाके. टाके कसे बघायचे ते मी सांगतो. पट्टा दोन्ही हातांनी ताणा आणि शिवणीत उजेड दिसतो का बघा. उजेड दिसला तर नको. वाचलेल्या पैशांतून घोट्याला धरणारे चांगले बूट आणि दोन काठ्या घ्या. उतारावर पाठीपेक्षा गुडघ्यांची परीक्षा जास्त असते, आणि ‘अजून शाबूत’ हे तुमचेच शब्द आहेत.

सराव मात्र आजपासून सुरू करा आणि तो तुमच्या जुन्या सॅकनेच करा, तिचा कमरपट्टा एकदाचा वापरात येऊ दे. वाडीची पाखाडी आहे, तिच्याइतकं चांगलं मैदान नाही. पहिल्या आठवड्यात आठ किलो तांदूळ, मग दर आठवड्याला दीड-दोन किलो वाढवत सोळापर्यंत. तांदूळ पोत्यात सैल न ठेवता जुन्या चादरीत करकचून बांधा आणि सॅकमध्ये खाली कपडे भरून वरच्या भागात ठेवा. चढणं सगळे करतात, तुम्ही उतरण्यावर भर द्या, सावकाश. पावसात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तेव्हा काठी हवीच. गुडघ्यात कळ आली तर त्या दिवशी ओझं नाही.

आता तुमच्या मित्रांच्या डुकराकडे येतो. इथे मी हसून सोडणार नाही. जावई करतोय ते तिथल्या कायद्याने, परवाना काढून, ठरलेल्या हंगामात. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा आहे आणि त्याच्या कलम ९ने शिकार बंद आहे. फास लावणं, आमिष टाकणं, हाका करणं, नुसता प्रयत्न करणं, हे सगळं शिकारीतच मोडतं. २०२२च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कायद्यातल्या संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत, आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत तुरुंगवास, किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मांस ज्या सॅकमध्ये सापडेल ती सॅक मुद्देमालात जमा. जावयाने प्रेमाने दिलेली पाचशे डॉलरची सॅक वनखात्याच्या खोलीत उंदरांनी कुरतडलेली बघायची असेल तर मित्रांचं ऐका.

डुकरांचा त्रास खोटा नाही. माझ्या भावाची सुरणाची अख्खी ओळ एका रात्रीत उकरलेली मी पाहिली आहे, भात आडवं झालेलं पाहिलंय. तुमच्याकडे तेच असेल तर कायद्यात वाट आहे. पिकाला उपद्रव देणाऱ्या डुकराबाबत कलम ११खाली वनखात्याकडे परवानगी मागता येते आणि नुकसानीचा पंचनामा करून भरपाई मिळते. नुकसान दिसल्या दिवशीच अर्ज द्या, माती उकरलेली ताजी असताना फोटो काढा. पण परवानगीने मारलेलं डुक्करही कलम ३९प्रमाणे सरकारचं. ते घरी आणून शिजवता येत नाही, म्हणजे त्यातही सॅकचं काम नाहीच. आणि फासकी तर मुळीच नको. ती डुकरासाठी लावतात आणि सापडतो बिबट्या, हे आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात किती वेळा झालंय ते तुम्हीही पेपरात वाचलंच असेल. बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे, तिथे किमान शिक्षाच ३ वर्षांची.

समजा जावयाने हट्टाने फ्रेम घेऊन दिलीच, तर तिला इथे काम भरपूर आहे. ज्या वाडीत गाडी जात नाही तिथे भरलेला गॅस सिलिंडर, म्हणजे तीस किलोच्या आसपास, दोघांनी कावडीने नेण्याऐवजी एक जवान पोरगा फ्रेमवर नेऊ शकतो. पिशवी काढायची, सिलिंडर झोळात उभा, तीन आडवे पट्टे. उतारावरच्या कलमांतून आंब्याचे क्रेट खाली आणायला तर फारच छान. डोक्यावरचा क्रेट फांदीला अडकतो, पाठीवरचा नाही. माझ्या एका गिऱ्हाइकाने अशाच फ्रेमला फळी जोडून घेतली, गेले दोन हंगाम तो तिच्यावर हापूस उतरवतोय.

तिकडून निघण्याआधी फ्रेम धुवायची ती थंड पाण्यानेच. गरम पाणी घातलं की रक्ताचा डाग कापडात कायमचा बसतो. थंड पाण्यात रात्रभर बुडवा, मऊ ब्रशने शिवणी घासा, फोमच्या आतलं पाणी पिळून काढा, सावलीत पूर्ण वाळवा. अर्धवट वाळलेली सॅक सुटकेसमध्ये घालून आणलीत तर संगमेश्वरला पोचेपर्यंत तिला कुजका वास लागेल, आणि तो मलाही काढता येत नाही. इथे आल्यावर कपाटात कोंबू नका, प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका. या बॅगांच्या कापडाला आतून पॉलियुरेथेनचा लेप असतो. आपल्या चार महिन्यांच्या दमट हवेत तो चिकट होतो आणि मग सालपटं निघायला लागतात. खुंटीला, वारा येईल अशा जागी, तोंड उघडं ठेवून टांगा. जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा पंख्याखाली. मांस मात्र आठवण म्हणूनही आणू नका. परदेशातून मांस भारतात आणायला आयातीचा परवाना लागतो, विमानतळावर ते काढून घेतील.

राहिला सौ.चा प्रश्न. सोडे न्या. पूर्ण वाळलेले, दुहेरी पिशवीत हवाबंद करून, वर इंग्रजीत ‘ड्राइड श्रिम्प’ असं लिहून. तिकडच्या विमानतळावर विचारतील तेव्हा खाण्याचे पदार्थ आहेत हे स्वतःहून सांगायचं, लपवायचं नाही. फक्त ते त्या मांजरपाटाच्या पिशव्यांबरोबर एका बॅगेत ठेवू नका. मी ठेवले होते. पिशव्यांना सोड्यांचा वास लागला, आणि भाच्याच्या मित्राने मांस भरण्याआधी पिशवी नाकाशी धरून माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला अजून आठवते.